पदवीवर शिक्का कुणाकुणाचा?

बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. निफाडकडच्या बागांची खरड छाटणी उरकून वेलींना फुटवे आले होते, त्यामुळे दाजींना एका दुपारी नाशिकला यायची सवड मिळाली. सोबत माझी भाची, आणि भाचीच्या हातात कॉलेज रोडवरच्या एका सल्ला केंद्रातून आणलेलं चकचकीत माहितीपत्रक. त्यावर ठळक अक्षरांत: ३ वर्षं भारतात, २ वर्षं युरोपात, ५ वर्षांत बॅचलर आणि मास्टर, जॉइंट डिग्री, प्रवेशाची हमी. खाली पाठीला पिशव्या अडकवून हसणारी चार मुलं. अशा सगळ्या माहितीपत्रकांवर हीच चार मुलं असतात, असा मला जुना संशय आहे.

"भाऊ, हे नेमकं काय असतं ते आमच्या भाषेत सांगा," दाजी म्हणाले. "पोरगी म्हणते भारी आहे. मला तर नुसता आकडाच भारी दिसतोय."

मी बावीस वर्षं एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात काढली. गुणपत्रकं, ट्रान्सक्रिप्ट, मायग्रेशन, एटीकेटीचे अर्ज यांतच केस पांढरे झाले. शिक्षणातलं फार कळतं असा माझा दावा नाही, पण कागदातलं कळतं. आणि दोन विद्यापीठांनी मिळून दिलेली पदवी हा अर्ध्याहून अधिक कागदाचाच विषय आहे. त्या दुपारी झालेलं बोलणं आणि पुढे महिनाभर आम्ही तिघांनी जे धुंडाळलं, ते इथे मांडतोय.

आधी तीन शब्द

सगळा घोळ तीन शब्दांनी घातलेला आहे: ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल. जाहिरातवाले हे शब्द भाजीत कोथिंबीर घालावी तसे कुठेही भुरभुरतात. पण मे २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, भारतीय आणि परदेशी शिक्षणसंस्थांच्या सहकार्यासाठी नियम काढले आणि त्यांत या तिन्ही शब्दांचे अर्थ पक्के करून टाकले. ते अर्थ एकदा डोक्यात बसले की निम्मी माहितीपत्रकं आपोआप गळून पडतात.

ट्विनिंगमध्ये विद्यार्थी भारतीय संस्थेचा असतो आणि पदवीही भारतीय संस्थाच देते. मधला काही काळ तो परदेशातल्या भागीदार संस्थेत शिकतो, पण तिथे मिळवलेली क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजायची एककं, एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. दाजींना मी म्हटलं, वेल आपलाच, फक्त थोडे दिवस दुसऱ्याच्या शेडनेटमध्ये वाढलेला.

जॉइंट डिग्रीत दोन्ही संस्था मिळून अभ्यासक्रम आखतात, दोन्हीकडे प्रत्येकी किमान ३० टक्के क्रेडिट पूर्ण करावी लागतात आणि शेवटी एकच प्रमाणपत्र मिळतं, दोन्ही संस्थांच्या नावाचं. इथे दाजींना काही समजावायची गरज पडली नाही. ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे खुंट डॉगरीजचा आणि वर कलम थॉमसनचं. बागेत उभा वेल एकच."

ड्युअल डिग्रीत दोन प्रमाणपत्रं मिळतात, दोन्ही संस्थांची वेगवेगळी, पण एकाच वेळी. किमान ३० टक्के क्रेडिट भारतीय संस्थेत मिळवलेली हवीत. आणि त्यापुढे नियमात एक अट आहे, जी माहितीपत्रकात कधीच सापडत नाही: या दोन्ही पदव्या एकाच विषयाच्या आणि एकाच पातळीच्या असायला हव्यात. म्हणजे दोन्ही बॅचलर, किंवा दोन्ही मास्टर. इथली बॅचलर आणि तिथली मास्टर अशी जोडी यूजीसीच्या भाषेत ड्युअल डिग्री होत नाही.

भाचीने माहितीपत्रक पुन्हा वाचलं. तीन वर्षं इथे, बॅचलर. दोन वर्षं तिथे, मास्टर. मग ही जॉइंट कशी? एक प्रमाणपत्र, दोन नावं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ड्युअल म्हणावी तर पातळी वेगळी. "मग हे आहे तरी काय, मामा?"

ही एक वाट असते. इथल्या महाविद्यालयाने तिथल्या विद्यापीठाशी करार केलेला असतो की आमच्याकडे अमुक विषय, अमुक गुणांनी पास झालेला विद्यार्थी तुमच्याकडे मास्टरला अर्ज करील, तेव्हा तुम्ही त्याचे इथले विषय मान्य करा. बाजारात याला थ्री प्लस टू म्हणतात. यात वाईट काहीच नाही. चांगल्या संस्थांमधला असा करार विद्यार्थ्याचे खरोखर कष्ट वाचवतो. पण त्यात मिळणारी मास्टरची पदवी ही पूर्णपणे परदेशी पदवी असते, आणि भारतात परतल्यावर तिला परदेशी पदवीचेच नियम लागतात. त्याकडे पुढे येतो.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन वेगळ्या पदव्या करायला परवानगी दिली होती. तो मामला निराळा. त्याचा परदेशी भागीदारीशी काही संबंध नाही, तरी गावाकडे 'आता सरकारनेच दोन डिग्र्या करायला सांगितलंय' असं मी दोन-तीन ठिकाणी ऐकलं.

परदेशी संस्थेशी असं सहकार्य वाट्टेल त्या संस्थेला करता येत नाही. भारतीय संस्थेला नॅकचे, म्हणजे शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचे, ४ पैकी किमान ३.०१ गुण हवेत, किंवा ती एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीतल्या विद्यापीठांच्या यादीत पहिल्या १०० मध्ये हवी, किंवा तिला सरकारने इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स, म्हणजे श्रेष्ठ संस्थेचा, दर्जा दिलेला हवा. परदेशी संस्थाही जागतिक क्रमवारीत वरच्या गटातली लागते. फ्रँचायझी पद्धतीला, म्हणजे नाव परदेशी आणि दुकान इथलं या प्रकाराला, सरळ मनाई आहे. ऑनलाइन आणि दूरस्थ शिक्षणाला तर हे नियम लागूच होत नाहीत. हे नाशिककरांनी मुद्दाम ध्यानात ठेवावं, कारण यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याकडेच आहे आणि घरोघरी कुणी ना कुणी त्याचा पदवीधर आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी आपल्या जागी भक्कम असते. पण 'घरबसल्या ऑनलाइन, परदेशी विद्यापीठाची जॉइंट डिग्री' असं कुणी विकत असेल, तर ते या नियमांत बसत नाही.

आणि गुजरातेत गिफ्ट सिटीत ऑस्ट्रेलियाच्या डीकिन विद्यापीठाने २०२४ मध्ये वर्ग सुरू केले, तो प्रकारही वेगळा. तिथे परदेशी विद्यापीठ स्वतःच भारतात आलंय. भागीदार कुणी नाही, पदवी त्याची एकट्याची.

क्रेडिटचा तराजू

क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन. पण प्रत्येक देशाचं वजनमाप वेगळं. लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलने बोलतात आणि नाशकात भाजीवाली किलोने देते. कांदा तोच. माप न सांगता नुसता आकडा सांगितला तर ऐकणारा फसतो.

पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं एक वर्ष धरा. अमेरिकेत ते साधारण ३० क्रेडिटचं. भारतात ४० चं, कारण आपली तीन वर्षांची पदवी १२० ची आणि चार वर्षांची १६० ची. युरोपात ६० चं, त्यांच्या ईसीटीएस नावाच्या मापात. ब्रिटनमध्ये १२० चं. म्हणजे 'आम्ही तुमची १२० क्रेडिट मान्य करू' हे वाक्य अमेरिकेत चार वर्षांचं आहे, भारतात तीन वर्षांचं, युरोपात दोन वर्षांचं आणि ब्रिटनमध्ये एकाच वर्षाचं. आमच्या माहितीपत्रकात '१८० क्रेडिटची बॅचलर' असं अभिमानाने छापलं होतं. भाचीला वाटलं, आपल्या १२० पेक्षा दीडपट अभ्यास. ईसीटीएसच्या मापात १८० म्हणजे साधी तीन वर्षंच.

मापं वेगळी का पडली? आपल्याकडे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, प्रात्यक्षिकाचं म्हणजे ३०. युरोपात वर्ग, घरचा अभ्यास, प्रकल्प, परीक्षेची तयारी असं विद्यार्थ्याचं सगळं काम मोजतात आणि २५ ते ३० तासांना एक ईसीटीएस देतात. आपण शिकवणं मोजतो, ते शिकणं मोजतात. परीक्षा विभागात इतकी वर्षं काढूनही हा फरक मला निवृत्तीनंतर कळला, हे कबूल करतो.

युरोपातली ही सारखी मोजणी १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर बसत गेली. इटलीतल्या बोलोन्या शहरात २९ देशांनी ठरवलं की पदव्यांची रचना एकमेकांना समजेल अशी करायची. पुढे साधारण तीन वर्षांची बॅचलर आणि दोन वर्षांची मास्टर हा साचा रुळला. माहितीपत्रकातलं '३ अधिक २' तिथूनच आलंय.

अमेरिकेत साचा ४ अधिक १. बॅचलरला १२० च्या आसपास क्रेडिट, मास्टरला ३० च्या आसपास, एकूण दीडशे. पण चांगल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षातच मास्टरचे तीन-चार विषय घेऊ देतात आणि ती ९ ते १२ क्रेडिट दोन्ही पदव्यांत धरतात. म्हणून दीडशेचं काम एकशे चाळीसच्या आसपास आटपतं आणि दोन्ही वेगवेगळ्या करताना लागणाऱ्या सहाएक वर्षांऐवजी पाच लागतात. एकच विषय दोनदा मोजला जातो, बस. जाहिरातीत याला 'जलद मार्ग' म्हणतात. पण आपल्याकडच्या जॉइंट डिग्रीच्या नियमात अशी दुहेरी मोजणी चालत नाही. दोन्हीकडे सारखा असलेला विषय एकाच संस्थेच्या खात्यात धरला जातो.

गुणांचंही तसंच. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे कसंबसं पास. आपला सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून गुणांची सरासरी, त्यांच्या मापात नेण्याचं एक ठरलेलं सूत्र आहे. सर्वात जास्त शक्य गुणांतून आपले गुण वजा करा. सर्वात जास्त गुणांतून पास होण्याचे किमान गुण वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. समजा सीजीपीए ८ आहे, कमाल १०, पास ४ ला. दोन भागिले सहा, गुणिले तीन, म्हणजे एक. त्यात एक मिळवला की २.० झाला. भाचीने वहीत ७ साठी मांडून पाहिलं, अडीच आला. "म्हणजे एक सीजीपीए घसरला तर तिकडे अर्धा," ती म्हणाली. पहिल्या सेमिस्टरपासून गुण का सांभाळायचे, हे त्यानंतर मला सांगावं लागलं नाही.

मध्येच सुटलं तर

माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न हा. सगळं सुरळीत झालं तर पाच वर्षांनी काय मिळेल ते प्रत्येक जण सांगतो. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात काय असेल, ते कुणी सांगत नाही.

दाजींना मी त्यांचीच बाग दाखवली. नाशिकला वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्या काडीवर घड येतात. छाटण्या दोन, पीक एक. एखाद्याने एप्रिलची छाटणी करून बाग सोडून दिली तर त्याच्याकडे काड्या राहतात. व्यापारी काड्या विकत घेत नाही.

काही अभ्यासक्रम असे आहेत की बॅचलरची पदवी तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या शेवटी हातात पडते, मग मास्टर. इथे प्रत्येक छाटणीला वेगळं पीक आहे, धोका कमी. काहींत दोन्ही पदव्या पाचव्या वर्षाच्या शेवटी एकदमच देतात. अमेरिकेतल्या छोट्या महाविद्यालयांची अभियांत्रिकी विद्यापीठांशी जी जुनी ३ अधिक २ व्यवस्था आहे, तिच्यात बहुधा असंच असतं: तीन वर्षं महाविद्यालयात, दोन वर्षं अभियांत्रिकीला, आणि शेवटी दोन्ही बॅचलर पदव्या. हो, दोन्ही बॅचलर. पाच वर्षं आणि दोन देश म्हटलं की मास्टर असणारच, असं आपण आपल्या मनाने धरतो. चौथ्या वर्षी आजारपण आलं, पैसे संपले, व्हिसा नाकारला गेला, तर अशा मुलाच्या हातात काही सुटी गुणपत्रकं उरतात.

ब्रिटनमध्ये चार वर्षांची एकत्रित मास्टर पदवी असते, एमएससीआय किंवा एमईंग. ती मास्टर पातळीची खरी, पण पदवी एकच. बॅचलरचा वेगळा कागद नाही. तिसऱ्या वर्षानंतर थांबलात तर बॅचलर घेऊन बाहेर पडायची सोय सहसा असते, पण ती लेखी पाहून घ्यावी.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अशा वेळेची तरतूद आहे. अभ्यासक्रम पूर्ण करू न शकलेल्या विद्यार्थ्याला बाहेर पडायची वाट काय, त्याच्या क्रेडिटचं काय होणार, हे संस्थांनी आधीच ठरवून सांगायला हवं. म्हणून प्रश्न विचारायचाच तर असा विचारावा: 'तीन वर्षांनी आम्ही थांबलो तर कुठल्या विद्यापीठाचा, कुठल्या पदवीचा कागद मिळेल, आणि कधी?' माझ्या अनुभवात यातला 'कधी' फार महत्त्वाचा. आपल्याकडे शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागतो तोवर पावसाळा लागलेला असतो, पदवीदान समारंभ त्याहून नंतर. युरोपात वर्ग सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू. त्या मधल्या आठवड्यांत ट्रान्सक्रिप्ट, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि त्यावरचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, या तिन्हींसाठी मुलं जी पळापळ करतात ती मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिली आहे. एकदा एक मुलगा खिडकीशीच रडायला लागला. त्याचा कागद तयार होता, फक्त सही करणारे साहेब रजेवर होते.

हमी कशाची?

माहितीपत्रकातला शेवटचा शब्द 'हमी'. अशा करारांत दोन तऱ्हेची हमी असते. एक, अटी पूर्ण केल्या तर जागा नक्की. दुसरी, अटी पूर्ण केल्या तर अर्जाचा विचार नक्की. दुसरीला हमी म्हणणं म्हणजे लग्नाची पत्रिका छापून आल्यावर मुलगी पाहायला जाण्यासारखं आहे. अटींतही बारकावे असतात: सीजीपीए किती, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत गुण किती, कोणते विषय घेतलेले हवेत, दर वर्षी जागा किती.

मी भाचीला म्हटलं, सल्ला केंद्राला विचारू नकोस. ज्या विद्यापीठाचं नाव छापलंय, त्याच्या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय विभागाचा ईमेल असतो, तिथे लिही. तिने तीन प्रश्न लिहिले. करार आहे का? हमी कुठल्या प्रकारची? आणि मी सुचवलेला तिसरा: करार कधीपर्यंत? असे करार ठरावीक वर्षांचेच असतात आणि मुदत संपल्यावर दोन्ही बाजूंनी पुन्हा सह्या कराव्या लागतात. चांगल्या करारात एक कलम असतं की मुदत संपली तरी आधीच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचं शिक्षण पूर्ण करून द्यायचं.

आठवड्याने उत्तर आलं, अगदी सभ्य. करार आहे. अर्जांचा विचार केला जातो, जागेची खात्री नाही. आणि कराराची मुदत संपायला दोन वर्षं आहेत. भाचीला तिथवर पोचायला तीन लागणार होती.

सल्ला केंद्राला ही तारीख माहीत नव्हती, की सांगायची नव्हती, ते मला अजून कळलेलं नाही. अनामत रक्कम भरली नव्हती एवढंच बरं.

तिघांनी मिळून चालवलेली मास्टर

खरी जॉइंट डिग्री कशी असते ते पाहायचं तर युरोपातल्या इरास्मस मुंडुसकडे बघावं. २००४ पासून युरोपियन युनियन हे मास्टरचे अभ्यासक्रम चालवतं. एका अभ्यासक्रमात किमान तीन देशांतल्या तीन संस्था एकत्र येतात आणि विद्यार्थ्याला किमान दोन देशांत शिकावं लागतं. अभ्यासक्रम ६०, ९० किंवा १२० ईसीटीएसचा, म्हणजे एक ते दोन वर्षांचा. शेवटी सगळ्यांची मिळून एक पदवी, नाहीतर प्रत्येकाची वेगळी. यातली शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षणशुल्क माफ आणि वर महिन्याला १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. भारतीय मुलं दरवर्षी मोठ्या संख्येने ही शिष्यवृत्ती घेऊन जातात, आणि तिला कुठल्याही सल्ला केंद्राची शिफारस लागत नाही. अर्ज थेट अभ्यासक्रमाकडे करायचा. शेवटच्या वर्षात असतानाही करता येतो, फक्त मास्टर सुरू होण्याआधी बॅचलर पूर्ण झालेली हवी.

इथे दाजी खुर्चीत पुढे सरकले, कारण यादीत द्राक्षं निघाली. वाइन पर्यटनावरची विंटूर नावाची जॉइंट मास्टर स्पेनमधलं तारागोना, फ्रान्समधलं बोर्दो आणि पोर्तुगालमधलं पोर्तो इथल्या विद्यापीठांनी मिळून घडवलेली आहे. पहिलं सेमिस्टर तारागोनाला, दुसरं बोर्दोला, तिसरं पोर्तोला, चौथं प्रत्यक्ष काम आणि प्रबंध. द्राक्षशेती आणि वाइननिर्मितीवर विनिफेरा युरोमास्टर आहे. त्याचं पहिलं वर्ष फ्रान्समध्ये मॉन्पेलिएला आणि दुसरं भागीदार विद्यापीठांपैकी एकात. शिष्यवृत्तीचा निधी अभ्यासक्रमांना ठरावीक काळासाठी मिळतो, त्यामुळे कुठल्या वर्षी कुठे शिष्यवृत्ती चालू आहे ते त्या त्या वर्षीच्या अधिकृत यादीत पाहावं लागतं. नाशिकसारख्या द्राक्षाच्या गावात या अभ्यासक्रमांची नावं बागायतदारांच्या घरी माहीत नसावीत, याचं मला वाईट वाटलं. औषधांच्या कंपन्यांची दिनदर्शिका प्रत्येक घरात टांगलेली असते.

बॅचलर पातळीवर दोन देशांत शिकवणारे जुने कार्यक्रमही आहेत. फ्रान्सची सियाँस पो ही संस्था आणि न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ यांची ड्युअल बीए त्यातली एक. दोन वर्षं फ्रान्सला, दोन अमेरिकेला, आणि दोन बीए. पातळी एकच, कागद दोन. पण शुल्क असं की दाजींना मी तो आकडा रुपयांत करून दाखवला नाही.

परतल्यावर

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांखाली मिळालेली ट्विनिंग, जॉइंट किंवा ड्युअल पदवी भारतात भारतीय पदवीइतकीच धरली जाते. समकक्षतेचं वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. या पदव्यांचा खरा फायदा हाच. थ्री प्लस टू मधली परदेशी मास्टर मात्र एखाद्या साध्या परदेशी पदवीसारखीच. सरकारी नोकरी, नेट, पीएच.डी. यांच्यासाठी समकक्षता मागितली जाऊ शकते. ती पूर्वी भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, देत असे. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने त्यासाठी स्वतःचे नियम काढले. त्यांतही फ्रँचायझी पद्धतीची पदवी चालत नाही, आणि प्रवेशाच्या अटी भारतातल्या तशाच अभ्यासक्रमाशी मिळत्याजुळत्या होत्या का ते पाहतात.

ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टरबद्दल लोक अजून बिचकतात. २१ जुलै २०२२ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला आणि त्यात ती मान्य झाली आहे. वैद्यकीय, नर्सिंग, कायदा वगैरे व्यवसायांची गोष्ट वेगळी, तिथे त्या त्या परिषदेचाच शब्द अखेरचा. आपल्या शहरात आरोग्य विज्ञान विद्यापीठ असल्याने पालक हमखास विचारतात म्हणून सांगितलं.

अमेरिकेच्या बाबतीत एक जुनी अडचण आहे. तिथली बरीच विद्यापीठं मास्टरसाठी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. आपले बारावी अधिक तीन म्हणजे पंधराच. नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची पदवी इथे कामाला येते. युरोपात तीन वर्षांची बॅचलर तिथलीही रीत असल्याने ही अडचण तितकी येत नाही.

पैशाचं थोडक्यात. जितकी वर्षं इथे तितकी फी इथली, हा अशा कार्यक्रमांचा मोठा आधार आहे. पण 'फी नाही' म्हणजे 'खर्च नाही' असं समजू नये. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठं शिक्षणशुल्क घेत नाहीत, तरी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात आधी दाखवावे लागतात. सरकारी शिष्यवृत्त्यांची मेख पातळीत असते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. त्यामुळे जोडकार्यक्रमातली बॅचलरची वर्षं तिच्यात बसत नाहीत. आणि बँक कर्ज देताना प्रवेशपत्र मागते. 'तीन वर्षांनी विचार करू' असं लिहिलेलं पत्र घेऊन बँकेत गेलात तर साहेब चहा पाजतील, एवढंच.

भाचीने इथेच, नाशिकमध्ये बीएस्सीला प्रवेश घेतला. एबीसी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी काढला, म्हणजे क्रेडिट तिच्या नावाच्या खात्यात साठत जातील. वहीच्या मागच्या पानावर तिने दोन्ही मास्टरची नावं, अर्जाचे महिने आणि ते २.० चं सूत्र लिहून ठेवलंय. चौथं वर्ष करायचं की तिसऱ्यानंतरच अर्ज करायचा, हे तिचं अजून ठरलेलं नाही, आणि घाईही नाही.

परवा मी निफाडला गेलो तेव्हा बागेत डावणी रोगावरची फवारणी चालू होती. दाजी ट्रॅक्टरवरून उतरले ते तोंडावरचा रुमाल सोडत थेट पोरीकडे वळले. "काय गं, त्या पोर्तोकडे द्राक्षाची छाटणी कधी करतात?"

तिने शोधून ठेवलंच होतं. "हिवाळ्यात, पप्पा. थंडीने वेल झोपी जाते तेव्हा. एकदाच."

"एकदाच?" दाजींचा विश्वास बसेना. "मग बाकीचं वर्ष ती माणसं करतात काय?"